निर्मळ पाण्यातील उपासमार

स्वच्छता हा आमच्या कुटुंबाच्या अभिमानाचा विषय. त्याच अभिमानापायी आमच्या हातून काही मुक्या जीवांची उपासमार घडली. ती हकीकत सांगताना संकोच वाटतो. परंतु हल्ली घरोघरी काचेच्या टाक्यांत मासे पाळले जातात, तेव्हा आमची चूक इतरांच्या उपयोगी पडावी.

वाटूर येथील आमच्या घरी ओसरीवर अशी एक टाकी आहे. गेल्या हिवाळ्यात मुलांनी दुधना नदीच्या चिखलातून चार जिवंत शिंपले आणले. शिंपला पाणी गाळतो असे आम्ही वाचले होते, व ते खरेही आहे. एका वाटेने तो पाणी आत घेतो, त्यातील सूक्ष्म शेवाळ कल्ल्यांवर अडवून भक्षण करतो आणि दुसऱ्या वाटेने पाणी बाहेर सोडतो. फुकटचा सेवक लाभला म्हणून आम्ही संतुष्ट झालो. तळाशी वाळू घातली. गाळणयंत्र अहोरात्र चालू होतेच. काचेवर हिरवी झाक दिसली की ती तत्काळ पुसली जाई.

एके दिवशी मातोश्रींनी सहज विचारले, "अरे, ते खातात तरी काय?"

"पाण्यातली घाण," आम्ही हसून म्हणालो.

"ती तर तुम्ही ठेवीतच नाही!"

या बोलण्याचे मर्म दोन महिन्यांनी उमगले. वाळूत रुतलेला शिंपला जिवंत की मृत, हे वरून कळत नाही. एका सकाळी दुर्गंधी आली. एक शिंपला उघडा पडून कुजला होता. त्यातून सुटलेल्या अमोनियाने पाणी विषारी होऊन तीन मासेही दगावले होते. मुले दिवसभर कोणाशी बोलली नाहीत.

उरलेले तीन शिंपले आम्ही परसातील दगडी डोणीत हलविले. तेथे ऊन येते, पाणी हिरवे राहते. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडले आहेत. मुले दर आठवड्यास शिंपले उचलून पाहतात: जिवंत असेल तो हात लागताच घट्ट मिटतो, मेलेला उघडाच राहतो. पुढे आणखी एक गेला. दोन मात्र अद्याप मिटतात.

आता नदीवरून नवे शिंपले आणावयाचे नाहीत, असे मुलांनीच ठरविले आहे. आणि ती डोणी घासण्यास आमच्या घरात सर्वांस सक्त मनाई आहे.