कपाटातली अमानत

पुस्तकं जमवणाऱ्याला लोक विद्वान म्हणतात, जुनी नाणी जमवणाऱ्याला हौशी म्हणतात. सिनेमाच्या कॅसेटी जमवणारा मात्र रिकामटेकडा ठरतो. त्यात तो मोहल्ल्यात राहणारा शाळामास्तर असला, तर विचारायलाच नको. ‘मास्तर, नमाजाला या, सिनेमे कयामतपर्यंत पुरतील’ हा टोमणा मी वर्षानुवर्षं हसत ऐकत आलो. पण हे कपाट मी कशासाठी भरलं, ते एकदा नीट सांगायला हवं.

१९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांत त्याच्यामागोमाग व्हीसीआरही आला, आणि तो आखातातून आला. कुवेतला, दुबईला, सौदीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना घोंगड्या, अत्तरं, दुधाच्या पावडरीचे डबे आणि एखादा व्हीसीआर घेऊन येत. आमच्याकडे तो मामूने आणला. रात्री जेवणं आटोपली की शेजारपाजारच्या बायका पडवीत जमायच्या आणि ‘मुगल-ए-आझम’ (१९६०), ‘मेरे मेहबूब’ (१९६३), ‘पाकीझा’ (१९७२) लागायचे. नवाब, शेरवान्या, झुंबरं, मुशायरे. सगळ्या जणी डोळे पुसत बघायच्या. अम्मीही बघायची. एकदा मात्र ती कॅसेट संपल्यावर म्हणाली, “सगळं छान आहे रे, पण आपल्यात असं कोण बोलतं?”

तिच्या त्या प्रश्नाने मला सिनेमे जमवायला लावलं.

शिक्षणासाठी पुण्यात होतो, तेव्हा लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची ओळख झाली. तिथेच कळलं की नवाबांपलीकडचा मुसलमानही पडद्यावर आलेला आहे, पण तो आमच्या तालुक्याच्या टॉकीजपर्यंत पोचत नाही. मग शोध सुरू झाला. एम. एस. सथ्यूंचा ‘गर्म हवा’ (१९७३) मला मिळाला तो कॉपीवरून काढलेल्या कॉपीचा. चेहरे पुसट, आवाजात खरखर. तरी आग्र्याचे सलीम मिर्झा आणि त्यांचा चपलांचा कारखाना दिसला. हवेली सोडायची वेळ आली तेव्हा लाकडांच्या कोठडीत लपून बसलेली त्यांची बूढी आई दिसली. ती रात्र मी जागून काढली. इस्मत चुगताईंच्या अप्रकाशित कथेवरून शमा झैदी आणि कैफी आझमी यांनी लिहिलेला हा सिनेमा. त्यात सलीम मिर्झांचं काम करणारे बलराज साहनी डबिंग संपवून दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ला गेले.

त्यानंतर सईद मिर्झांचा ‘सलीम लंगडे पे मत रो’ (१९८९), बेनेगलांचा ‘मम्मो’ (१९९४), पुन्हा मिर्झांचा ‘नसीम’ (१९९५) असे एकेक येत गेले. ‘नसीम’मध्ये कैफीसाहेबांनी आजोबांचं काम केलंय. ते आजोबा नातीला जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतात आणि ६ डिसेंबर १९९२लाच डोळे मिटतात. हे सिनेमे जमवताना वाटायचं, आपल्याच नातेवाइकांचे फोटो परक्यांच्या घरांतून गोळा करतोय.

पुढे व्हीसीडी आणि डीव्हीडी आल्या. भाईजानने दुबईहून डीव्हीडी आणल्या, तर त्या आमच्या प्लेअरवर चालेनात. कंपन्यांनी जगाचे भाग पाडलेले. आखात दोन नंबरात, भारत पाच नंबरात. माणसाला व्हिसा लागतो तसा सिनेमालाही लागतो, हे तेव्हा कळलं. सगळ्या विभागांच्या डीव्हीडी वाजवणारा एक प्लेअर मिळाला, तेव्हा कुठे मार्ग निघाला. मग मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. वडापावच्या गाडीशेजारी टांगलेल्या माळेतून मी चांगले चांगले सिनेमे उचलले. २०१२पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानेही आपले जुने सिनेमे नीट दुरुस्त करून डीव्हीडीवर आणले, आणि माझ्या पुसट कॅसेटींच्या शेजारी स्वच्छ चित्रं आली.

अब्बांना हे काही पसंत नव्हतं. त्यांनी कधी मनाई केली नाही, पण टीव्ही चालू असला की ते ओटीवर जाऊन बसत. जमातीचा हिशेब त्यांच्याकडे असे. मशिदीचे पैसे ते वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. घरात सुटे नसले तर दुकानात जाऊन नोट मोडून आणत, पण त्या डब्यातल्या पैशांशी अदलाबदलही करत नसत.

एका सुट्टीत मी माजिद मजिदींचा इराणी सिनेमा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) लावला होता. दोन भावंडं आणि त्यांच्यात बुटांचा एकच जोड. त्यात बाप घरी बसून मशिदीसाठी साखरेचे खडे फोडतो आहे. मुलगी त्याला चहा आणून देते. तो साखर मागतो. ती म्हणते, एवढी साखर तर तुमच्यापुढेच आहे. बाप म्हणतो, ही मशिदीची आहे, आपल्याकडे विश्वासाने दिलेली आहे. अब्बा नमाजाहून परतत होते, ते दारातच थांबले. फारसी त्यांना कळत नव्हती, मी इंग्रजी अक्षरं वाचून अर्थ सांगितला. ते उभ्यानेच शेवटपर्यंत बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “हा माणूस कुठल्या गावचा?”

अम्मीच्या प्रश्नाला उत्तर सापडलं होतं. आपल्यासारखं बोलणारा नव्हे, पण आपल्यासारखं वागणारा माणूस तेहरानच्या गल्लीत सापडला होता. नंतर अब्बास कियारोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ (१९८७) मी शाळेतल्या मुलांना दाखवला. मित्राची चुकून आलेली वही परत करायला गावोगाव धावणारा तो मुलगा त्यांना लगेच समजला. भाषा आड आली नाही.

अब्बांच्या तोंडी नेहमी असणारा ‘अमानत’ हा शब्द मला या कपाटाला लागू वाटतो. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज कुठे उपलब्ध नाही. त्यातली नायिका जुबेदा. तिची आई फातमा बेगम ही भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक. तिने १९२६ साली काढलेला ‘बुलबुल-ए-परिस्तान’ही असाच नाहीसा झाला. आपल्या एका बाईने एवढं काम केलं आणि दाखवायला चित्राचा तुकडाही उरला नाही. पुण्याच्या संग्रहालयात पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून रिळं गोळा केली, म्हणून जे राहिलं ते राहिलं. एखादा सिनेमा मोठा असला म्हणून आपोआप टिकत नाही. कुणीतरी तो जपावा लागतो.

कोकणात जपणं सोपं नाही. पावसाळ्यात कॅसेटीच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. ती कॅसेट तशीच लावली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटीलाही बुरशी लागते. म्हणून कॅसेटी उभ्या ठेवायच्या, कोरड्या कपाटात ठेवायच्या, उन्हाळ्यात एकदा पूर्ण फिरवून घ्यायच्या. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवं यंत्र मिळत नाही. माझी मुलगी म्हणते, “अब्बा, सगळं फोनवर मिळतं.” पुष्कळ मिळतं, हे खरं. पण फोनवर या महिन्यात असलेला सिनेमा पुढच्या महिन्यात काढून घेतला, तर आपण कुणाला विचारणार? कपाटातली डीव्हीडी निदान परवानगी मागत नाही.

या कपाटात अजून एक जागा रिकामी होती. आमच्या घरात बोलली जाते ती बोली बोलणारं मुसलमान घर मला एकाही सिनेमात भेटलं नाही. ते भेटलं मोहल्ल्यातल्या शादीच्या कॅसेटींत. आखातच्या पैशावर त्या काळी प्रत्येक मोठ्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग व्हायचं. त्यांत हळदीला गाणाऱ्या दाद्या-नान्या आहेत, देगीजवळ भांडणारे चाचे आहेत, आता पाडलेली कौलारू घरं आहेत, आणि आमची बोली आहे. त्या दाद्यांपैकी आज कुणीच हयात नाही. म्हणून गेली दोन वर्षं मी घरोघर जाऊन या कॅसेटी मागून आणतो, पुसतो आणि व्हीसीआर चालतोय तोवर कॉम्प्युटरवर उतरवून ज्याच्या त्याला परत देतो. प्रत्येकीची वहीत नोंद ठेवतो.

वाचकांनीही माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून बघावी. कॅसेटीवर बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नये, आधी माहितगार माणसाकडून साफ करून घ्यावी. आणि चित्र उतरवून झालं की घरातल्या लहानांना शेजारी बसवून ते बघावं. पडद्यावर कोण कोण आहेत, त्यांची नावं सांगता येणारी माणसं आपल्या घरांत अजून आहेत.