कोपरपर्यंत जाऊन परत

आमच्या कपाटावर मरून रंगाची एक रेक्झिनची पिशवी होती. बाबांची. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँकेची पासबुकं, विम्याची पॉलिसी, विजेची जुनी बिलं, सगळं तिच्यात. बाबा फेब्रुवारीत गेले आणि ऑक्टोबर उजाडला तरी ती पिशवी मी खाली काढली नव्हती. दर आठवड्याला ठरवायचे, या रविवारी बसायचंच. रविवारी सकाळपासून पोटात गोळा यायचा, हात गार पडायचे. मग मी पडदे धुवायला काढायचे, डबे घासायला घ्यायचे. संध्याकाळ झाली की 'आता पुढच्या रविवारी' असं म्हणून एकदम सुटल्यासारखं वाटायचं. त्या सुटकेनंच मला जखडून ठेवलं होतं, हे कळायला मला आठ महिने लागले.

पहिला झटका मे महिन्यात आला. डोंबिवलीहून मुलुंडला, नेहमीची स्लो लोकल, नेहमीचा लेडीज डबा. मुंब्रा सुटलं आणि छाती धडधडायला लागली. जीभ कोरडी पडली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. मी आता इथेच मरणार आणि आई घरी एकटी आहे, एवढाच विचार डोक्यात होता. कळव्याला कशीबशी उतरले. एका अनोळखी बाईनं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःची गाडी सोडून ती माझ्याजवळ थांबली. तिचं नावही मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं. ते करायलाच हवं होतं. छातीत असं काही पहिल्यांदा झालं तर आधी हृदय तपासून घ्यावं, मनाचं आहे असं आपणच ठरवू नये. सगळे रिपोर्ट चांगले आले. "टेन्शन घेऊ नका," असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. मी मात्र जास्तच घाबरले. आजार नाही, तर मग हे आहे तरी काय? आणि टेन्शन ही काय हातात धरलेली वस्तू आहे, नको म्हटलं की खाली ठेवता येते?

मग लोकल सोडली. काही दिवस बसनं गेले, पुढे ऑफिसला विनंती करून घरूनच काम करायला लागले. नंतर स्टेशनकडे जाणारा रस्ताही टाळायला लागले. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत नुसती बघत राहायचे. सप्टेंबरमध्ये माझं जग दूधवाला, वाणी आणि भाजीवाली एवढंच उरलं होतं.

एका रात्री तीन वाजता १४४१६ हा नंबर लावला. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "जीव द्यावासा वाटतोय का?" इतका सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी नाही म्हटलं आणि रडायला लागले. त्या थांबल्या. घाई न करता थांबल्या. मग म्हणाल्या, जवळच्या मानसशास्त्रज्ञांना प्रत्यक्ष भेटा, हे बरं होण्यासारखं आहे. 'बरं होण्यासारखं' हे दोन शब्द मी सकाळपर्यंत धरून बसले.

समुपदेशक मॅडमकडे मी वेगळ्याच अपेक्षेनं गेले होते. त्या माझं सगळं ऐकतील, मुळाशी काय आहे ते शोधून काढतील, आणि भीती गेली की मी पुन्हा लोकलनं जायला लागेन, असं मला वाटत होतं. त्यांनी ऐकलं, पण मग समोर एक कोरा कागद ठेवला. "शून्य म्हणजे अगदी निवांत, शंभर म्हणजे सहनच होणार नाही. आत्ता किती?" मी गोंधळले. भीतीला आकडा कसा द्यायचा? बऱ्याच वेळानं पासष्ट म्हटलं. मग त्यांनी एकेका गोष्टीचा आकडा विचारला. स्टेशनच्या पुलावर उभं राहणं, चाळीस. गाडीत बसून एकच स्टेशन जाणं, सत्तर. मुलुंडपर्यंत, पंचाण्णव. पिशवी उघडणं? मी शंभर म्हटलं आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. गाडीपेक्षा मला त्या पिशवीची भीती जास्त होती.

"धडधड थांबली की मी जाईन," मी म्हटलं.

"आणि ती थांबलीच नाही तर?" मॅडम म्हणाल्या. "तिला बरोबर घेऊनच जाऊ या."

हे मला पटलं नाही, खरं तर रागच आला. पण त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून काढलं. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या, बधिरपणा, गरगरणं हे त्याचंच. शरीर धावायला तयार झालेलं असतं आणि आपण मात्र बाकावर बसलेले असतो. असा झटका सहसा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग ओसरतो. मी दर वेळी तो ओसरण्याआधीच पळत होते, म्हणून तो आपोआप ओसरतो हे मला कधी दिसलंच नव्हतं.

अल्बर्ट एलिस यांची गोष्टही त्यांनीच सांगितली. १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची विलक्षण भीती वाटायची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली की तिच्याशी बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं. ते शंभर जणींशी बोलले. भेटायला येते असं एकीनंच सांगितलं, आणि तीही आली नाही. पण त्या महिन्यात भीती गेली. ही गोष्ट ऐकून मला धीर आला, कारण तिच्यात काहीही जिंकलेलं नव्हतं. एकही मुलगी भेटली नाही आणि तरीही उपयोग झाला.

पहिल्या आठवड्याचं काम होतं पुलावर जाऊन वीस मिनिटं उभं राहायचं. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. ५५, ६०, ५०, ३५. तो ३५ लिहिताना हात थरथरत होता, पण लिहिला. मी कुठेही पळाले नव्हते आणि आकडा उतरला होता.

पुढच्या आठवड्यात कोपरपर्यंत. डोंबिवलीच्या पुढचंच स्टेशन. सकाळी अकराची, गर्दी ओसरल्यावरची गाडी. दाराजवळ उभी राहिले आणि मॅडमनी शिकवलेला श्वास सुरू केला: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. इथे माझं चुकलं. भीती घालवायलाच म्हणून मी श्वास मोजत होते, दर दोन श्वासांनी 'गेली का, गेली का' असं तपासत होते, आणि आकडा चढतच होता. कोपरला उतरून पलीकडच्या गाडीनं परतले तेव्हा ८० होता. मी हरले असं मला वाटलं. मॅडम म्हणाल्या, "८० असताना तुम्ही परत गाडीत चढलात ना? मला तेवढंच हवं होतं." श्वास भीतीला हाकलण्यासाठी नाही, तर भीती असताना तिथे उभं राहता यावं म्हणून घ्यायचा. एवढा फरक समजायला मला पाच फेऱ्या लागल्या. सहाव्या फेरीला कोपर आलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते आणि आकडा लिहायचा राहूनच गेला.

मग दिवा. मग मुंब्रा, तिथे तीनदा अडले. मधल्या काळात दिवसाचे पाच चहा दोनवर आणले. मनोविकारतज्ज्ञांनी सहा महिन्यांसाठी एक गोळीही दिली. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी नीट बजावलं. गोळी घेण्याची मला लाज वाटत होती. आई म्हणाली, "अगं, मी रोज बीपीची घेते, तेव्हा तू कधी लाजलीस का?"

रात्रीच्या विचारांसाठी मॅडमनी वेळ ठरवून दिली. संध्याकाळी साडेसहा ते सात, वही घेऊन, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. इतर वेळी काळजी आली की एका ओळीत टिपून ठेवायची आणि साडेसहाला बघू म्हणायचं. सुरुवातीला हे मला खोटं वाटलं. पण साडेसहाला वही उघडली की त्यातल्या निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असायच्या. उरलेल्यांत एकच ओळ रोज पुन्हा यायची: पिशवी.

पिशवीचेही तुकडे केले. पहिल्या दिवशी फक्त खाली काढायची. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं, गजर लावून, चेन उघडायची आणि वरचा एकच कागद बघायचा. वरचा कागद विजेच्या बिलाचा होता. त्याच्या मागे बाबांच्या अक्षरात हिशेब: दूध, पेपर, इस्त्री. मी तिथे रडले. भीती नव्हती ती. आठ महिने मी जिला भीती समजत होते, तिच्या खाली हे होतं, आणि हे रडणं मी दर रविवारी पडदे धुऊन टाळलं होतं. आई शेजारी येऊन बसली. गजर वाजला तो तिनंच बंद केला. त्या दिवशी आम्ही पंधरा मिनिटांवर थांबलो नाही.

सेक्रेटरी काकांना फोन करायच्या आधी आकडा ७० होता. फोन चार मिनिटं चालला. बाबांनी नॉमिनेशन केलं होतं, त्यामुळे मृत्यूचा दाखला आणि अर्ज दिला की काम सुरू होईल असं ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मी मधे मधे फोन करत होतो तो कागदांसाठी नाही गं. तुम्ही दोघी कशा आहात ते विचारायला."

जानेवारीत मुलुंडला पोचले. कळव्याला धडधड झाली. तो बाक दिसला, आणि मी ६० लिहून बसून राहिले.

शेअर सर्टिफिकेटवर आता आईचं नाव लागलंय. बँकेचं एक खातं झालं, एक बाकी आहे. गॅसच्या कार्डावर अजून बाबांचंच नाव आहे. ते उद्या. एजन्सी साडेनऊला उघडते.