आपल्या रस्त्यावर, आपल्या उन्हात

आमची नवी गाडी तापली की बंद पडायची आणि सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत निवलेली असायची. त्यामुळे दोष आहे हे आम्हाला दिसत होतं, पण त्यांच्या मशीनला दिसत नव्हतं.

घरातली ही पहिलीच चारचाकी. आम्ही धामणगाव रेल्वेचे. सासऱ्यांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेमानं न्यावं लागतं. मुंबई-नागपूर मार्गावरचं आमचं स्टेशन सोयीचं आहे, पण गुडघे धरलेल्या माणसाला जिना आणि गर्दी झेपत नाही. गाडी मी चालवायची असं ठरलं. शाळेतल्या नोकरीच्या पगारावर कर्ज काढलं आणि थंडीत गाडी घरी आणली. उन्हाळा लागेपर्यंत तिनं कसलाही त्रास दिला नाही.

एप्रिलमध्ये पुलगावकडे जाताना, वर्धा नदीच्या पुलाच्या अलीकडे, ट्रॅक्टरमागे हळू चालत होते. एसी सुरू होता. एकदम इंजिन थांबलं. स्टीयरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक पायाला कडक लागला, समोर पिवळा दिवा पेटला. मागून ट्रक येत होता. इंजिन बंद झालं की स्टीयरिंगची आणि ब्रेकची मदतही जाते, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. सासरे मागच्या सीटवर होते. कशीबशी गाडी कडेला लागली. थोड्या वेळानं किल्ली फिरवली तर सुरू झाली, जणू काही घडलंच नव्हतं.

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा अदबीनं बोलला, ‘‘मॅडम, मशीनमधी काईच दिसून नाई राह्यलं.’’ जॉबकार्डावर ‘जनरल चेकअप’ लिहिलं गेलं. गाडी धुऊन परत मिळाली आणि पुढच्या तापलेल्या दुपारी पुन्हा थांबली. पुढच्या खेपेला सॉफ्टवेअर बदललं, नंतर एक सेन्सर बदलला. दोष तसाच राहिला. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. ‘‘तुम्ही नव्यानं शिकलात ना?’’ असं कुणी विचारलं की माझ्याकडे उत्तर नसायचं.

वाट दाखवली ती दत्तापुरातल्या एका मिस्त्रींनी. त्यांनी समजावलं की आताच्या गाड्यांमध्ये ओबीडी नावाची यंत्रणा असते. दोष घडला की ती त्याचा कोड साठवते. बऱ्याचदा त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे आणि तापमानही तिच्यात नोंदलेलं असतं. मात्र कोड पुसला की ही नोंद जाते. ‘‘दिवा लागला का फोटो काढजा. कोड पुसायच्या आधी छापून मागजा. अन् जॉबकार्डावर तुमचेच शब्द लिहून घेजा,’’ असं त्यांनी बजावलं.

तेव्हापासून मी वही ठेवली. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, वेग, किलोमीटर, एसी सुरू की बंद, गाडीत माणसं किती, मागे किती अंतर चालून झालं, सगळं लिहीत गेले. नोंदी वाचताना एक गोष्ट स्पष्ट झाली. तापमान चाळिशीच्या वर, एसी पूर्ण, वेग कमी, तेव्हाच गाडी थांबते. मग सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाला भर दुपारी शेजारी बसवून त्याच रस्त्यानं नेलं. त्याच्यासमोर गाडी थांबली. त्या दिवशीच्या जॉबकार्डावर ‘चालताना इंजिन बंद पडते’ असं प्रथमच लिहून मिळालं.

पुढचा प्रश्न होता, मागायचं काय? ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. आमच्यासाठी ते ठिकाण अमरावती, कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. मुदत दोन वर्षांची. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच ते दहा लाखांत असेल तर शुल्क 200 रुपये. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. पण पूर्ण गाडी बदलून मिळणं सोपं नाही. 2006 मध्ये क्लचच्या दोषाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचीच हमी असेल, तर अख्खी गाडी बदलून द्यायला लावता येत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला 2011 मध्ये नवी म्हणून 2009 ची, 622 किलोमीटर चाललेली गाडी मिळाली होती. ते प्रकरण 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपलं. जबाबदारी विक्रेत्याची ठरली, कंपनी सुटली. म्हणून मी पत्र विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पाठवलं. भाग बदलूनही दोष जात नाही, एवढा एकच मुद्दा जॉबकार्डांच्या प्रतींसह मांडला. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवली. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचते.

आयोगात जाण्याआधीच कंपनी पैसे परत द्यायला तयार झाली. पण तडजोडीच्या मसुद्यात फक्त गाडीची किंमत होती. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे सात लाखांवर 77 हजार. टॅक्स, विमा आणि कर्जाचा बोजा उतरवणं यांच्या स्वतंत्र ओळी लिहून आल्यावरच मी सही केली.

मग दुसऱ्या गाडीचा शोध सुरू झाला. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गुळगुळीत रस्ता, गार केलेली गाडी आणि शेजारी अखंड बोलणारा विक्रेता. त्यातून मला काहीच कळेना. मी आग्रह धरला की गाडी धामणगावला आणा, दुपारी आणा, आणि आमचं सगळं घर बसेल. काहींनी नकार दिला, काही आले. आमचे रस्ते काळ्या मातीवरचे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून डांबराला लाटा येतात. पूर्ण भरलेली गाडी त्या लाटांवर आणि गतिरोधकांवर कशी चालते, ते पाहिलं. वॅगनआरची जमिनीपासूनची उंची 165 मिमी होती, टाटा पंचची 187. कागदावरचा हा फरक चौघे बसल्यावर शेतरस्त्यावर पोटाला लागतो की नाही, हे चालवूनच कळतं. वॅगनआरची सीट उंच, त्यामुळे सासरे न वाकता बसले. पंचचे दरवाजे 90 अंशांत उघडतात, त्यामुळे त्यांना काठीसह उतरता आलं. एएमटी म्हणजे क्लचचं आणि गिअर बदलण्याचं काम मशीन करतं. बैलगाडीमागे रांगताना तिचा गिअर बदलण्याचा हिसका मला जाणवला, म्हणून मी साध्या गिअरची गाडी पसंत केली. डेमोची गाडी बहुधा सगळ्यात वरच्या मॉडेलची असते. आपण घेणार तेच मॉडेल मागून चालवलं तेव्हा मागचा कॅमेरा नाही, हे लक्षात आलं. शेवटी आम्ही पंच घेतली, कारण सासऱ्यांचं चढणं-उतरणं तिच्यात सर्वात सुखाचं होतं.

या वेळी मी नोंदणी होण्याआधीच गाडी पाहायला गेले. एकदा आरसीवर आपलं नाव चढलं की गाडी नाकारणं फार अवघड होतं, आणि हे पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. फॉर्म 21 वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. मीटरवरचे किलोमीटर बघा. चासी क्रमांक कागदाशी जुळवा. एसी लावून इंजिन उभ्यानं बराच वेळ चालू ठेवा, दुपारी ठेवा. कुणी घाई केली तरी हटू नका. आपल्या तालुक्यात पगारावर किंवा सोयाबीन-कापसाच्या पैशावर घेतलेली गाडी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेणार असते. तिला आपल्या उन्हात तपासून घेण्याचा अधिकार आपला आहे, आणि तो पैसे भरण्याआधीच वापरायचा असतो.