आधी मीटर लाव, भो!

कॉलेजात एखादं यंत्र बंद पडलं की त्याला दोनच वाटा असतात. नशीब असेल तर दुरुस्ती, नाहीतर डेड स्टॉक रजिस्टर. मित्रांनो, यातली दुसरी वाट फारच रुळलेली आहे!

आमच्या प्रोजेक्टला मिळालेला रास्पबेरी पाय याच दुसऱ्या वाटेवर होता. २०१२ साली बाजारात आलेलं पहिलं मॉडेल बी. आकार एटीएम कार्डाएवढा, पण अख्खा संगणक. सीनियर मंडळींनी चार्जर-केबलसकट खोक्यात घालून कपाटात ठेवलेला. शिरपूरकडच्या एका केळीच्या बागेतलं तापमान दर दहा मिनिटांनी नोंदवायचं आणि लॅन केबलने राउटरकडे पाठवायचं, असा आमचा बेत. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि जानेवारीत हुडहुडी भरते. केळीला दोन्ही सोसत नाही. शिवाय बाग आमच्याच गटातल्या मित्राच्या घरची. त्यामुळे प्रश्न नुसता मार्कांचा नव्हता.

जोडणी केली. लाल दिवा लागला, मॉनिटरवर लॉगिनची ओळही आली. पण कीबोर्ड ढिम्म! नेटवर्कचे दिवेही विझलेले. लॅबमध्ये निदान तयारच होतं, "पोर्ट जळालं. नवीन बोर्ड मागवा." रिव्ह्यूला आठवडा उरलेला आणि खिशाची अवस्था काय होती ते मेसवाल्या काकूंना विचारा.

तेव्हा शिरपूरचा मित्र म्हणाला, "ठिबकची नळी कोरडी दिसली म्हणून आमचे अण्णा लगेच नळी बदलत नाहीत. आधी मोटर, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग नळी. पाणी कुठवर आलंय ते पाहतात. तू आधी मीटर लाव, भो!"

मीटर शोधेपर्यंत आम्ही सिरियल केबलने लॅपटॉपवरून बोर्डात शिरलो. 'आयपी लिंक' ही आज्ञा दिली. उत्तरात फक्त 'एलओ', म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतो ती आतली वाट. 'ईटीएच०' गायब. मग 'एलएसयूएसबी' दिली. तिथे यूएसबीचं मूळ तेवढं दिसलं, पुढे सगळी सामसूम.

इथे कोडं उलगडायला लागलं. या मॉडेलमध्ये नेटवर्क थेट प्रोसेसरला जोडलेलं नाही. प्रोसेसरकडून यूएसबीची एकच वाट निघते आणि 'लॅन ९५१२' नावाच्या चिपपाशी पोचते. दोन्ही यूएसबी पोर्ट आणि नेटवर्क असा सगळा संसार ही एकटी चिप सांभाळते. म्हणजे कीबोर्ड आणि नेटवर्क या दोन तक्रारी नव्हत्याच, एकच होती. पोर्ट नव्हे, चिपच जागी होत नव्हती. (२०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये नेटवर्कला यूएसबीपासून वेगळी वाट मिळाली.)

आता मीटर. बोर्डावर टीपी१ आणि टीपी२ असे दोन बिंदू याच कामासाठी ठेवलेले आहेत. त्यांच्यात किमान ४.७५ व्होल्ट हवेत. आमच्याकडे भरले जेमतेम ४.४! चार्जरच्या टोकाला मात्र ५ व्होल्ट ठीकठाक. म्हणजे मधली सुतळीएवढी केबलच अर्धा व्होल्ट गिळत होती. फर्स्ट इयरला घोकलेला ओहमचा नियम इतक्या दिवसांनी असा भेटला. केबलचा रोध ०.७ ओहम असला आणि तिच्यातून ०.७ अँपिअर वाहिले की अर्धा व्होल्ट गेलाच समजा. आणि तो लाल दिवा? तो ३.३ व्होल्टच्या लाइनवर असतो. ५ व्होल्टचे ४.४ झाले तरी तो आपला खुशाल हसत राहतो.

जाड, आखूड केबल आणली. मीटरवर ४.९. नेटवर्कचे दिवे लुकलुकले, 'ईटीएच०' हजर झाला आणि कीबोर्डही बोलू लागला. नव्या बोर्डाचे पैसे वाचले आणि जुना बोर्ड बागेत कामाला लागला.

यंत्र 'दिसत नाही' असं संगणक म्हणतो तेव्हा तो फक्त आपल्यापर्यंत काय पोचलं एवढंच सांगत असतो. वाटेत कुठे अडलं ते आपण चालत जाऊन पाहायचं. आधी वीज, मग चिप, मग ड्रायव्हर, मग केबल आणि राउटर. अण्णा रोज बांधावरून हेच करतात आणि त्याला ट्रबलशूटिंग वगैरे म्हणत नाहीत.

त्या कपाटात अजून बरीच खोकी पडून आहेत. पुढच्या बॅचच्या दोस्तांनो, रजिस्टरात नोंद होण्याआधी एकदा मीटर घेऊन जा.