दरखास्त

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आबांची दीड एकर पाझर तलावात गेली, तेव्हा ती चढणं भागच पडलं. सरकारी भाव पटला नाही, म्हणून १८९४च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली त्यांनी वाढीव मोबदला मागितला. कोर्टानं तो मंजूर केला. गावात पेढे वाटले. पैसे मात्र आले नाहीत.

मग दरखास्त, म्हणजे जिंकलेला निकाल अमलात यावा म्हणून पुन्हा कोर्टात अर्ज. जिल्ह्यातलं ऑफिस म्हणे, मुंबईहून निधी आला की देतो. म्हणून आबा घाटकोपरला माझ्या खोलीवर येत आणि इथल्या ऑफिसात फेऱ्या घालत. इथं ऐकायला मिळे, "तिकडून प्रस्तावच नाही."

चाळीतल्या वकिलांना मी मानवी हक्क आयोगाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "१९९३च्या कायद्यानं घटनेपासून वर्षभरात तक्रार करावी लागते. आणि आयोग शिफारस करतो."

आबा म्हणाले, "म्हंजे कोर्टाचा हुकूम जो ऐकना, त्याला शिफारस करायची व्हय?"

वकिलांनी रशियातल्या बुर्डोव्हची गोष्ट सांगितली. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर तिथं काम करून आजारी पडलेला माणूस. तिथल्या कोर्टांनी भरपाई ठरवली, सरकारनं थकवली. २००२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं बजावलं, पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. तरी पुढचे निकाल रखडलेच, आणि २००९ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा निकाल द्यावा लागला. आपल्याला तर ते दारही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. २०२५ मध्ये देशभरात ८ लाखांहून अधिक दरखास्ती पडून होत्या.

शेवटी लोकअदालतीत तडजोडीची गोष्ट निघाली. कायद्यानं वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं १५ टक्के व्याज लागतं. त्यातलं काही सोडा, लगेच पैसे देतो, असं समोरून आलं. मी चिडलो. जिंकलेल्यानंच का सोडायचं?

आबांनी विचारलं, "हितला कागुद म्हंजे परत हुकूमनामाच न्हवं?" वकील म्हणाले, "हो, दिवाणी हुकूमनाम्यासारखाच. त्यावर अपील नाही."

"मग पैसं न्हाई दिलं, तर त्याची बी दरखास्तच?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. पैसे जमा करायची तारीख आणि ती चुकली तर सोडलेलं सगळं व्याज परत लागेल, हे दोन्ही लिहून घेतल्यावरच त्यांनी अंगठा उमटवला.

बाहेर मी म्हणालो, "आबा, हक्काचं होतं ते."

"व्हतं. पर अक्काचा वाटा हाय त्यात. ती अंथरुणाला खिळलीय. तिच्या हयातीत तिच्या हातात पडू दे."

पैसे ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी आले. आत्याच्या हातात तिचा वाटा पडला. तिनं तो दोनदा मोजून घेतला.