मेणवलीच्या पायऱ्या

चि. मंदार यास,


फोटो मिळाले. सकाळी पुणं सोडून एका दिवसात ढोल्या गणपती, मेणवलीचा वाडा, घाट, घंटा, आणि वर पाचगणीचा चहाही! बरोबर लहान मूल असताना एवढी घाई कशाला रे?

घंटेवर मेरी आणि बाळ येशू कसे, असं विचारलंस. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आपल्या देवळांना वाहिल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला आहे, तशीच मेणवलीची ही. शंकराच्या दारी ती आई तिच्या बाळासकट राहिली, कुणी घासून काढली नाही. आपले अण्णा तिथे नेहमी हात जोडायचे, ते तुला सांगायला नकोच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पण शेवटी सहज लिहिलंस ना, ‘आमच्या नदीकाठाच्या आराखड्यात हुबेहूब असाच घाट घेणार’, त्याने माझी झोप उडाली आहे.

अरे, एक तरी फोटो खालून काढलास का? सगळे वरून! वाड्याच्या बाजूने घाट नुसता शोभेचा दिसतो. पाण्यालगतच्या पायरीवर उभं राहून वर बघ, म्हणजे कळतं की वाडा, देवळं आणि पायऱ्या मिळून एकच बांधकाम आहे. कृष्णा चढू लागली की एकेक पायरी तिच्या स्वाधीन करत जायचं आणि माणसांनी वर सरकायचं. नाना फडणवीस एवढे मोठे कारभारी, सहा चौकांचा वाडा बांधला, पण तो उंचावर. खालची जागा नदीची म्हणून सोडली.

वाईत रास्त्यांनी तर १७६२ साली ढोल्या गणपतीचं देऊळ थेट घाटावर, पुराच्या तोंडी बांधलं. पूर येणार हे धरूनच. मागची भिंत माशासारखी निमुळती केली, की पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. तू गणपतीसमोर सेल्फी काढलास. देवळाच्या मागे गेला होतास का? इंजिनिअर ना तू?

दिवाळीत दाखवलेल्या तुझ्या नकाशात मी काय पाहिलं? दोन्ही काठांना सरळ उभी भिंत, वर फरशी, दिवे, बाकडी. त्या भिंतीला चार पायऱ्या चिकटवल्या म्हणून घाट होत नाही. पात्र आवळल्यावर पावसाळ्यात ते पाणी जाणार कुठे? चढणार आणि पलीकडच्या वस्तीत शिरणार. १२ जुलै १९६१ला आपल्या शनिवार पेठेतल्या घरात काय झालं, ते तुझ्या बाबांना विचार. धरण फुटलं होतं, मान्य. पण पाणी एकदा घरात शिरलं की ते कुठून आलं याने काय फरक पडतो? आईची शिवणाची पेटी मी अजून टाकलेली नाही.

बाकी ‘स्वदेस’ सिनेमाचं शूटिंग मेणवलीला झालं हे मला ठाऊक आहे, तीनदा कळवायची गरज नव्हती.

आणि तो शेवटून दुसरा फोटो! छोटी ओल्या पायरीवर एकटी उभी, पायात गुळगुळीत तळाच्या चपला, आणि तू कॅमेरा धरून दहा हात लांब! त्या दगडांवर शेवाळ असतं. वर धोमचं धरण आहे, पाणी सोडलं की पातळी बघता बघता वाढते. तिला अजून पोहता येत नाही. हात धरायला कुणीच नव्हतं का? वर रात्री उशिरा निघालात म्हणे. खंबाटकीचा बोगदा सुटला की पुढचं ते एस आकाराचं वळण काय आहे ते तुला माहीत आहे, तरी पोचल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी! मी फोन उशाशी ठेवून जागी होते.

आता दोन कामं कर. छोटीला याच महिन्यात पोहायच्या वर्गाला घाल, फी मी पाठवते. आणि त्या आराखड्याची प्रत मला दाखव. भिंतीची उंची आणि पात्राची रुंदी कोणत्या वर्षीच्या पुरावरून ठरवली आहे, ते स्वच्छ अक्षरात लिहून पाठव. साहेबांनी सांगितलं म्हणून ठरवली, असं उत्तर मला चालणार नाही. ते त्यांनाही सांग.

सौ. स्मितास आशीर्वाद, छोटीस गोड पापा.

तुझी,
आत्या