लिदित्से : पुन्हां नांदतें झालेलें गांव

चेक प्रजासत्ताकाची राजधानी जें प्राग शहर, त्याच्या वायव्येस सुमारें वीस किलोमीटरांवर लिदित्से नांवाचें एक लहानसें खेडें आहे. प्रागला जाणारा प्रवासी तेथील जुना पूल, टेंकडीवरचा राजवाडा आणि चौकांतलें घड्याळ पाहून बहुधा परततो. लिदित्सेला जाण्याइतकी सवड त्याला होत नाहीं. आम्हांस मात्र तें गांव पाहण्याची फार दिवसांची इच्छा होती. युद्धांत होरपळलेल्या आणि मागाहून सांवरलेल्या शहरांच्या कथा इतिहासांत पुष्कळ सांपडतात. परंतु ज्या गांवाचें नांवहि नकाशावर राहूं नये म्हणून एका बलाढ्य सत्तेनें कंबर कसली, तेंच गांव मुख्यतः विधवा बायकांच्या आधारानें पुन्हां नांदतें झालें, अशीं उदाहरणें फार थोडीं.

आम्ही गेलों तो जून महिना होता. मोटार थांब्यावर उतरवून निघून गेली, तेव्हां समोर दिसली ती एक उथळ, हिरवीगार दरी. मधून एक ओढा वाहतो, कडेला झाडें आहेत, उतारावर गवत मऊ कापून ठेवलेलें आहे. नवख्या माणसाला वाटावें, ही एखादी सुंदर बागच आहे. पण थोडें खालीं उतरलें कीं गवतांत दगडांच्या रेषा दिसूं लागतात. ही एका वाड्याच्या जोत्याची, ही शाळेची, आणि ती पलीकडची सेंट मार्टिनच्या देवळाची. हेंच जुनें लिदित्से. येथें शंभराच्या आसपास घरें होतीं आणि सुमारें पांचशें माणसें राहत होतीं. पुरुष बहुतेक क्लाद्नोच्या कोळशाच्या खाणींत आणि लोखंडाच्या कारखान्यांत कामाला जात. बायका घर, परसूं आणि कोंबड्या-शेळ्या सांभाळीत.

या गरीब वस्तीवर घाला आला तो परक्याच्या कारणानें. बोहेमिया व मोराव्हिया हे प्रांत तेव्हां जर्मनीच्या ताब्यांत होते व त्यांचा कारभार हायड्रिख हा क्रूर अधिकारी पाहत असे. ता. २७ मे १९४२ रोजीं ब्रिटनमधून विमानानें उतरविलेल्या दोन सैनिकांनीं प्रागच्या रस्त्यांत त्याच्यावर हल्ला केला, आणि ता. ४ जूनला तो मेला. सूड कोणावर तरी घ्यावयाचा होता. लिदित्सेच्या दोन घरांतले तरुण ब्रिटनमध्यें हवाई दलांत आहेत, एवढा धागा आणि एका प्रेमपत्राचा केलेला विपरीत अर्थ, इतक्या पुराव्यावर गांवाचा निकाल लागला. हल्लेखोरांशीं गांवाचा संबंध असल्याचें कधींहि सिद्ध झालें नाहीं.

ता. १० जून १९४२. पहाटेपूर्वींच गांवास वेढा पडला. पंधरा वर्षांवरील पुरुषांना होराक यांच्या वाड्यांत नेण्यांत आलें. वाड्यामागच्या फळबागेंत भिंतीला घराघरांतून ओढून आणलेल्या गाद्या लावल्या. कां, तर गोळी दगडावर आपटून उलटूं नये! ज्या गाद्यांवर आदल्या रात्रीं मुलें निजलीं होतीं, त्याच गाद्यांपुढें सकाळीं त्यांचे बाप उभे राहिले. त्या दिवशीं १७३ पुरुष मारले गेले. गांवचे वृद्ध धर्मोपदेशक श्टेंबेर्का, वय वर्षें ७३, हेहि त्यांतच होते. रात्रपाळीला गेलेले खाणकामगार आणि त्या दोन तरुणांच्या घरचीं माणसें यांना पुढें कांहीं दिवसांनीं प्रागमध्यें गोळ्या घालण्यांत आल्या.

मग घरें जाळलीं, देऊळ सुरुंगानें उडविलें, स्मशानांतलीं थडगीं उकरलीं, तळें बुजविलें, ओढ्याचा प्रवाह फिरविला आणि जमीन सपाट केली. हें काम महिनेच्या महिने चाललें होतें आणि त्याचा चित्रपटहि घेतला गेला होता. पुढें न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढें तोच चित्रपट पुरावा म्हणून आला. इतर कृत्यें झांकणाऱ्या या राज्यकर्त्यांनीं लिदित्सेची बातमी मात्र स्वतः जगाला कळविली. दहशत बसावी, एवढाच हेतु.

हें झालें गांवाचें. घराचें काय झालें, तें सांगतांना लेखणी अडखळते. बायका-मुलांना क्लाद्नोच्या शाळेंतील व्यायामशाळेंत तीन दिवस गवतावर ठेवलें आणि मग मुलें आयांपासून तोडलीं. बायकांची रवानगी बर्लिनच्या उत्तरेस असलेल्या राव्हेन्सब्रुकच्या बंदिवासांत झाली. मुलांना पोलंडमधील लोड्झ येथें नेलें. तेथून त्यांनीं नातेवाइकांस लिहिलेलीं पत्रें आजहि उपलब्ध आहेत. त्यांत भाकरी पाठवा, कपडे पाठवा, एवढेंच मागणें आहे. त्यानंतर ८२ मुलांना खेल्म्नो येथें विषारी वायूनें मारण्यांत आलें. जीं थोडीं जर्मन वंशाला शोभतील अशीं वाटलीं, तीं नवीं नांवें देऊन जर्मन कुटुंबांत वांटलीं गेलीं. पुरुष १९२, स्त्रिया ६०, मुलें ८८, अशी एकूण ३४० माणसें या एका खेड्यानें गमावलीं.

आमच्या मतें लिदित्सेची खरी कथा येथून पुढें सुरू होते.

सन १९४५ मध्यें युद्ध संपलें व १४३ बायका परत आल्या. तीन वर्षें त्या बंदिवासांत होत्या. आपले पुरुष कोठें तरी मजुरीला नेले असतील, मुलें कोणाच्या तरी आश्रयाला असतील, या आशेवर त्यांनीं दिवस काढले होते. परततांना त्यांस कळलें कीं नवरा नाहीं, घर नाहीं आणि गांवहि नाहीं. जेथें उंबरठा असावा तेथें गवत! आपल्याकडे घरांत एक माणूस गेलें तर दहा माणसें पाठीशीं उभीं राहतात. कोणी भात घालतो, कोणी मुलांना जवळ घेतो, कोणी नुसतेंच शेजारीं बसतो. येथें तें करणारीं दहाहि माणसें एकाच वेळीं गेलीं होतीं. सांत्वन करणारी आणि करून घेणारी, दोघींचेंहि दुःख तेंच.

मग सुरू झाला मुलांचा शोध. दोन वर्षांच्या खटपटीनंतर सारीं मिळून १७ मुलें सांपडलीं. आणि येथें अशी एक गोष्ट घडली कीं तिची कल्पनाहि आपणांस सहज करवणार नाहीं. जर्मन घरांत वाढलेलीं मुलें चेक भाषा विसरलीं होतीं. आपल्याच आईशीं बोलण्यास त्यांना शब्द नव्हते! एक मुलगी परत आली तेव्हां तिची आई क्षयानें इस्पितळांत अंथरुणाला खिळली होती. चार वर्षांनीं लेक भेटली. परंतु आईची भाषा लेकीला येईना. थोड्याच महिन्यांत ती माउली वारली. पुढें त्याच मुलीनें न्यूरेंबर्ग येथें उभें राहून आपली हकीकत न्यायाधीशांना सांगितली. मातृभाषा हा शब्द आपण किती सहज उच्चारतों! ती आईकडून येते, पण आईपासून तोडलें तर चार वर्षांतहि सुकते, हें लिदित्सेच्या मुलांनीं जगाला दाखविलें. परत आलेलीं मुलें ती पुन्हां शिकलीं. म्हाताऱ्या आजीजवळ, मावशीजवळ बसून एकेक शब्द परत मिळविला. गांव बांधणें म्हणतात तें आधीं येथून सुरू झालें. विटांची पाळी मागाहून आली.

त्या विटांना दूरदूरच्या माणसांचा हात लागला. ब्रिटनमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या आणि खाणींच्या गांवीं डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांनीं सप्टेंबर १९४२ मध्येंच ‘लिदित्से जगेल’ अशी घोषणा करून निधि जमविण्यास प्रारंभ केला. ज्यांनीं लिदित्सेचे खाणकामगार कधीं पाहिले नव्हते, अशा तेथील खाणकामगारांनीं त्यांत पैसे घातले. अमेरिका, मेक्सिको, ब्राझील येथें वस्त्यांना लिदित्सेचें नांव देण्यांत आलें. जें नांव पुसावयाचें होतें तें अशा रीतीनें अनेक देशांत लिहिलें गेलें. युद्धानंतर सरकारनें गांव पुन्हां उभारण्याचें वचन दिलें व सन १९४७ मध्यें नव्या लिदित्सेचा पाया घातला गेला. दीडशेच्या सुमारास घरें झालीं आणि वांचलेल्या बायकांना त्यांत आसरा मिळाला.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, नवें गांव जुन्या जोत्यांवर बांधलें नाहीं. तें हाकेच्या अंतरावर, चढावर वसविलें. जुनी जागा मोकळीच ठेवली. त्याच जून महिन्याच्या २४ तारखेस पूर्व बोहेमियांतील लेझाकी ही वाडीहि अशीच जाळली गेली. ती पुन्हां वसलीच नाहीं. आज तेथें घरांच्या जागीं दगडी स्मारकें आहेत आणि परत आल्या त्या फक्त दोन लहान बहिणी. परततेंच कोण, कीं गांव बांधावें! लिदित्सेला परतणाऱ्या बायका होत्या, म्हणून लिदित्से उभें राहिलें. तरीहि कोऱ्या घरांत एकटीनें चूल पेटविणें सोपें नव्हतें. घर मिळालें, पण घरांतलें माणूस कोण देणार? कांहीं जणींनीं पुन्हां संसार थाटले, कांहीं जन्मभर एकट्या राहिल्या. कोणाचें योग्य, कोणाचें अयोग्य, हें ठरविण्याचा अधिकार बाहेरच्यांस नाहीं, असें आम्हांस त्या रस्त्यांवरून फिरतांना वाटलें. रस्ते नीट आखलेले, अंगणांत फुलझाडें, एका फाटकाशीं दुचाकीवर बसलेलें मूल. कोणत्याहि गांवीं दिसावें असें हें साधें दृश्य येथें मोठ्या मोलाचें वाटतें.

जुन्या आणि नव्या गांवाच्या मध्यें गुलाबांची बाग आहे. स्ट्रॉस यांच्याच कल्पनेनें ती निघाली व सन १९५५ मध्यें खुली झाली. देशोदेशींच्या लोकांनीं तिच्यासाठीं हजारों रोपें पाठविलीं. मधल्या काळांत तिची आबाळ झाली होती, परंतु या शतकाच्या आरंभीं ती पुन्हां लावण्यांत आली. बागेंतून एका बाजूला गेलें कीं मृतांची दरी, दुसऱ्या बाजूला गेलें कीं जित्यांचीं घरें.

दरीच्या कांठावर ८२ मुलांचे ब्राँझचे पुतळे एकत्र उभे आहेत. ४२ मुली आणि ४० मुलगे. मारिये उखितिलोव्हा या शिल्पकर्त्रीनें सन १९६९ मध्यें हें काम हातीं घेतलें आणि वीस वर्षें त्यांतच घालविलीं. सारे पुतळे ब्राँझमध्यें उभे राहिलेले पाहण्यापूर्वींच सन १९८९ मध्यें ती वारली. तिच्या पतीनें तें व्रत पुढें चालविलें आणि सन २००० मध्यें शेवटचीं मुलें चौथऱ्यावर उभीं राहिलीं. या मुलांच्या पायांशीं लोक खेळणीं ठेवून जातात. आम्हीं पाहिलें तेव्हां एका लहानग्या मुलीच्या पावलांशीं कापडी ससा होता. पोरें जणू खेळावयास बोलावल्यासारखीं उभीं आहेत, आणि समोर दरी मात्र शांत आहे.

सन १९६७ पासून लिदित्सेंत मुलांच्या चित्रांचें प्रदर्शन भरतें व पुढें तें आंतरराष्ट्रीय झालें. जगभरचीं मुलें आपलीं चित्रें पाठवितात. भारतांतील मुलांचींहि चित्रें तेथें पोंचतात. मुलें गमावलेल्या गांवानें जगाच्या मुलांना बोलवावें, याहून मोठें उत्तर त्या सूडाला कोणतें देतां येईल?

घरांत दुःख घडलें म्हणजे आपण दोहोंपैकीं एक करतों. गेलेल्याचें नांव काढूं नये असा दंडक घालतों, नाहींतर त्याच्या खोलीला कुलूप लावून सारें घर त्या कुलपाभोंवतीं बसवितों. लिदित्सेच्या बायकांच्या गांवीं तिसरी वाट दिसते. गेलेल्यांची जागा गेलेल्यांसाठीं मोकळी ठेवावी, तिच्यावर भिंत बांधूं नये. आणि तिच्या शेजारीं, ती रोज दिसेल अशा अंतरावर, जित्यांनीं चूल पेटवावी. संहारांतून वांचलेलें नासपतीचें एक झाडहि त्या दरींत उभें आहे. त्याला कोणी तेथून हलविलें नाहीं, आणि त्याच्याभोंवतीं कोणी घरहि बांधलें नाहीं.